मुक्काम पोस्ट गुगल

आमच्या डोणगावात पूर्वी नवं दुकान निघालं, की ते लोकांना दिसावं म्हणून फार काही करावं लागत नसे. मेहकर सोडून मालेगावकडे निघालेला जुना नागपूर-मुंबई रस्ता गावाला लागूनच जातो. पेंटरकडून पाटी रंगवून घ्यायची, रस्त्याकडे तोंड करून टांगायची, झालं. औरंगाबादच्या एसटीत खिडकीशी बसलेला माणूस दुसरं काही वाचायला नसल्यामुळे ती पाटी वाचायचाच. गावापुरती कोतवालाची दवंडी होती, नंतर बाजाराच्या दिवशी रिक्षावरचा भोंगा आला. शिवाय ओट्यावर बसणारी मंडळी. दुकानदार कोणाचा कोण, भांडवल कुठून आलं, उधार देईल की नाही, हे सारं नारळ फुटण्याआधीच त्यांनी गावभर केलेलं असायचं.

बाहेरच्या माणसाला आमचं गाव सापडणं मात्र तेव्हाही अवघडच होतं. एक डोणगाव सोलापूरजवळ आहे, एक जालना जिल्ह्यात. 'ता. मेहकर, जि. बुलढाणा' लिहायचं राहिलं, की पत्र कुठल्या डोणगावला जाईल याचा भरवसा नसे. असा घोळ देशभर होता, म्हणून तर १५ ऑगस्ट १९७२ला पिनकोड सुरू झाला. तो बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपलेच, मराठी. केंद्रीय दळणवळण खात्यात मोठे अधिकारी आणि संस्कृतचे कवी. एकाच नावाची गावं, नाना लिप्या, वाचता न येणारं अक्षर, या सगळ्यावर त्यांनी सहा आकड्यांचा उतारा काढला. मला तरी ही कल्पना गुगलइतकीच मोठी वाटते.

हे आठवायचं कारण म्हणजे पुतण्याची वेबसाइट. तो घरच्या तुरीची डाळ करून विकतो. डिसेंबर २०२२मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा सुरू झाला आणि लांब पल्ल्याच्या गाड्या तिकडे वळल्या. ताशी १२०च्या वेगाने निघालेल्याला आमच्या रस्त्यावरची पाटी काय दिसणार? म्हणून वेबसाइट. ती झाली, व्हॉट्सॲपवर सगळ्या नातेवाइकांनी अंगठे दाखवले, आणि थोड्याच दिवसांत हा तोंड पाडून आला. "काका, गुगलवर दिसूनच नाही राह्यली."

मला एकदम पंचवीस वर्षांपूर्वीचं औरंगाबाद आठवलं. तिथे नोकरीला असताना एका संस्थेची वेबसाइट करायला मी हात लावला होता. तेव्हा वेबसाइट 'दिसण्यासाठी' अर्ज करावा लागे, आणि तो चक्क माणसं वाचत. याहूची सुरुवातच मुळी १९९४मध्ये स्टॅनफर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी केलेल्या यादीतून झाली. पुढे तिथे पगारी संपादक बसले, आणि व्यापारी साइट नोंदवायची तर वर्षाला २९९ डॉलर मोजावे लागू लागले. म्हणजे तेव्हाचे चौदा हजारांच्या वर रुपये. १९९८मध्ये निघालेली डीमॉझ ही स्वयंसेवकांची सूची फुकट होती, पण योग्य वर्गवारी शोधून अर्ज टाकायचा आणि महिनोन्‌महिने वाट पाहायची. उत्तर येईलच असं नाही. सायबर कॅफेत तासाचे पैसे भरून आम्ही फक्त 'नोंद झाली का' एवढंच बघून यायचो. पानाच्या पोटात शंभरेक शब्दांची यादी कोंबायचीही तेव्हा पद्धत होती. क्रम लावताना ही यादी आम्ही वाचतच नाही, असं गुगलने २००९मध्ये जाहीर केलं, तोवर लोक मनोभावे ती भरत होते.

खरं दुखणं वेगळंच होतं. आमची पानं विकतच्या मराठी फॉन्टमध्ये होती आणि पहिल्याच ओळीत विनंती असायची, की आधी हा फॉन्ट उतरवून घ्या. डोळ्यांना मराठी दिसे, पण कॉम्प्युटरच्या लेखी ती इंग्रजी अक्षरांची अर्थहीन रांग असायची. मराठीत शोधणाऱ्याच्या हाती ते पान लागणं शक्यच नव्हतं. अशी किती चांगली मराठी पानं असून नसल्यासारखी पडून राहिली असतील! युनिकोड रुळला तेव्हा कुठे हा प्रश्न सुटला. आज पुतण्या फोनवर 'घरची तूर डाळ' टाइप करतो आणि तसंच शोधतो, यात काही विशेष आहे हे त्याला पटत नाही. माझ्या मते या सगळ्यातली खरी प्रगती तेवढीच.

आता ते अर्जही गेले आणि ते वाचणारेही गेले. याहूची सूची २०१४च्या अखेरीस बंद पडली, डीमॉझ मार्च २०१७मध्ये. कोणीही यावं आणि पत्ता टाकून जावं असा गुगलचा फॉर्म होता, तोही २०१८मध्ये काढला. आता गुगलच्या सर्च कन्सोलमध्ये साइट आपलीच आहे हे सिद्ध करायचं, पानांची यादी म्हणजे साइटमॅप द्यायचा, आणि यंत्र कधी येतं ते पाहायचं. पुतण्याने हे सगळं केलं होतं. मग अडलं कुठे? साइट बनवताना, काम पुरं होईपर्यंत शोधयंत्रांनी नोंद करू नये, अशी एक खूण सेटिंगमध्ये केलेली असते. ती काढायचीच राहिली होती. ती काढल्यावर सर्च कन्सोलमधला शेरा बदलला: पान सापडले, नोंद अद्याप नाही. कचेरीतला 'कार्यवाही सुरू आहे' आठवून मला बरं वाटलं.

नोंद झाली ती निराळ्याच वाटेने. एका शेतकरी गटाच्या जुन्या साइटवर आपल्या डाळीचा दुवा टाकायला त्याने सांगितलं, आणि काही दिवसांत यंत्र आलं. ते अशा दुव्यांवरूनच पानापानाने फिरत असतं. तुमचं नाव दुसरं कोण घेतं, आणि घेणारा स्वतः किती ओळखीचा, यावर वजन ठरवायची युक्ती लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन यांनी १९९८मध्ये मांडली. गुगल उभं राहिलं ते त्याच पायावर. आमच्या ओट्यावर हेच चाले. फरक इतकाच, की ओट्यावर कोणी नाव घेतलं ते माहीत असे आणि त्याला चहा पाजता येई.

गुगलच्या नकाशावर दुकान दाखवायचं, तर ते आपलंच आहे हे तिथेही सिद्ध करावं लागतं. अगदी अलीकडेपर्यंत पडताळणीचा आकडा गुगल टपालाने पाठवायचं. म्हणजे त्यालाही पोस्टमन आणि वेलणकरांचा पिनकोड लागायचा. पुतण्याला मात्र व्हिडिओ काढून द्यावा लागला.

आता कोणते शब्द टाइप करून लोक साइटपर्यंत आले, हे तो रोज बघतो. त्यात काही जण सोलापूरकडच्या डोणगावच्या शोधात होते. 'पहिल्या पानावर आणून देतो' असे फोन येतात ते वेगळेच, आणि त्यांना मात्र आमचं डोणगाव नेमकं सापडतं. परवा त्याने नवाच विषय काढला. लोक आता गुगललाही विचारत नाहीत म्हणे, थेट चॅटजीपीटीला विचारतात, की चांगली तूर डाळ कुठे मिळेल. "तिथं नाव लागाले अर्ज कुठी करा लागते, काका?"