इमानी चूक

माझी हयात कोबोलमध्ये गेली. १९५९ साली जन्मलेली ही भाषा माझ्याहून वयाने थोडी मोठी आणि स्वभावाने पुष्कळ सरळ. तीच माहिती दिली, की प्रोग्रॅम रोज त्याच ओळीवर, तस्साच चुके. अशी इमानी चूक पकडायला सोपी. पकडली, की माझीच निघे!

परवा लेकीने तिच्या कृत्रिम बुद्धिमत्तेला एकच प्रश्न दोनदा विचारला. उत्तरं दोन!

"बाबा, ते पुढचा शब्द संभाव्यतेनुसार निवडतं. शंभरदा विचारायचं, बरोबर किती ते मोजायचं."

"आणि चुकलं तर ते कुणाचं?"

लेक गप्प. स्वयंपाकघरातून सौ. म्हणाली, "चाळीस वर्षं मीठ अंदाजानेच घालतेय. पण खारट झालं, की बोलणी मीच खाते ना?"

लेकीने ते वहीत लिहून घेतलं.