आवाज केव्हा येत नाही?

२२ जुलै २०२१ रोजी चिपळूण पुरात बुडालं, तेव्हा आमची गाडी घरासमोर उभी होती. आमची आळी जरा उंचावर आहे. बाजारपेठेतले तळमजले वाशिष्ठी नदीच्या पाण्याखाली गेले. आमच्याकडे पाणी गाडीच्या चाकाच्या मध्यापर्यंत चढलं आणि बराच वेळ तिथंच थांबून राहिलं. ओसरल्यावर रिमच्या आत, चाकाच्या कमानीत, जिथं म्हणून बोट जाईल तिथं गाळ बसलेला होता. किल्ली न फिरवता गाडी ओढून नेली आणि तपासून घेतली. इंजिनात पाणी गेलेलं नव्हतं, गिअरबॉक्स ठीक होता, सीटसुद्धा कोरड्या होत्या. गाडी धुऊन परत आली आणि चालूही लागली. शेजारीपाजारी ज्यांच्या गाड्या टपापर्यंत बुडाल्या होत्या, त्यांच्यापुढे आमच्या गाडीबद्दल बोलायचीही लाज वाटावी, असे ते दिवस होते.

दिवाळीनंतर गाडी वाजायला लागली.

पहिला आवाज चिर्र-चिर्र असा, हळू वेगातला. पार्किंगमधून गाडी बाहेर काढताना, गल्लीतून जाताना यायचा. चाक एकदा फिरलं की एक चिरका सूर, पुन्हा फिरलं की पुन्हा तोच. दुसरा आवाज काही दिवसांनी लक्षात आला. तो घुमल्यासारखा होता, लांबून विमान जावं तसा, आणि वेग वाढला की वाढायचा. पहिल्या आवाजाचा त्रास कानांना व्हायचा. दुसऱ्याची मात्र मला भीती वाटायची, कारण मी ही गाडी घेऊन दर थोड्या दिवसांनी कुंभार्ली घाट चढते-उतरते. आई-बाबा घाटापलीकडं कराडला आहेत. घाट उतरताना आपला सगळा भरवसा पुढच्या दोन चाकांवर असतो. ब्रेक दाबला की गाडीचं वजन पुढं येतं, म्हणून थांबवण्याचं बरंचसं काम पुढचेच ब्रेक करतात. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढं डिस्क आणि मागं ड्रम असतात ते याचसाठी.

सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी नेली. पॅड संपलेत असं सांगून त्यांनी नवे टाकले. चिरका आवाज गेला, घुमणारा तसाच राहिला. त्यावर टायरचा आवाज असेल, असं उत्तर मिळालं. काही आठवड्यांनी चिरका आवाजही परतला. या वेळी त्यांनी डिस्क, कॅलिपर आणि पुढचे दोन्ही टायर बदलायचा लांबलचक अंदाज हातात ठेवला. मी विचारलं, "यातलं नेमकं काय खराब आहे?" उत्तर आलं, "मॅडम, सगळं बदलून बघू, आवाज जाईल." मी गाडी घेऊन घरी आले.

बाबांची सगळी नोकरी एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक म्हणून झाली. बसचे ब्रेक हवेवर चालणारे, चाकाला ड्रम. हबमध्ये दोन टेपर रोलर बेअरिंग, त्यांत हातानं दाबून ग्रीस भरायचं, नट आवळायचा आणि चाक मोकळं फिरेल पण हलणार नाही एवढा परत सैल करायचा. आमच्या गाडीचं बेअरिंग बंद डबीतलं. त्यात ग्रीस भरता येत नाही की ते आवळता येत नाही, गेलं की बदलायचं. तेव्हा त्यांना या गाडीचं काम ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. पण फोनवर मी आवाजांचं वर्णन सुरू केलं, तसं त्यांनी मला थांबवलं.

"कुठनं येतो ते सांगू नकोस. केव्हा येतो ते सांग. आणि त्याच्याही आधी, केव्हा येत नाही ते सांग."

मी वही केली. आजही मला वाटतं की पुढं जे काही सापडलं ते या एका प्रश्नामुळं सापडलं.

चिरका आवाज केव्हा येत नाही? ब्रेकवर हलका पाय ठेवला की येत नाही. पाय काढला की पुन्हा सुरू. पॅड झिजून संपत आला की त्याच्यावरची एक पातळ पोलादी पट्टी डिस्कला टेकून किंचाळते. ती मुद्दाम त्याचसाठी बसवलेली असते, आणि तिचाही सूर कधी कधी ब्रेक दाबल्यावर बंद होतो. पण आमचे पॅड तर नवे होते. रात्रभर पावसात किंवा दवात उभ्या राहिलेल्या गाडीच्या डिस्कवर गंजाची पातळ साय धरते आणि सकाळी ती खरखरते. कोकणात हा आवाज घरोघरी आहे आणि त्यात काही वावगं नाही, चार-दोनदा ब्रेक लावले की डिस्क पुन्हा चकचकीत होते. आमचा आवाज मात्र दुपारीही यायचा. डिस्कच्या मागं धूळ अडवणारा पातळ पत्रा असतो. तो वाकला किंवा त्यात खडी अडकली तर पत्रा घासल्यासारखा कर्कश आवाज येतो, आणि तो ब्रेक दाबल्यानं सहसा बदलत नाही. म्हणजे पत्राही नव्हे. ब्रेक दाबल्यावर जो आवाज थांबतो, तो पॅड नीट दाबला न गेल्यामुळं येत असणार. पाय काढल्यावरही पॅड डिस्कला हलकासा चिकटून राहत होता, असा याचा अर्थ.

याची खात्री करून घ्यायला घाट उपयोगी पडला, आणि तोही चढताना. उतरताना दोन्ही चाकं तापतातच, त्यातून काही कळत नाही. चढताना ब्रेक फारसे लागत नाहीत. एका पहाटे पोफळीवरून घाट चढून वर हेळवाकला थांबले आणि रिमजवळ हात नेला. डिस्कला कधीही हात लावू नये, ती भाजते. रिमलाही न टेकवता नुसता जवळ न्यायचा. उजवं चाक गार. डाव्या चाकातून तव्याजवळ हात न्यावा तशी धग येत होती आणि जळका वास होता. ब्रेक न लावता डावा ब्रेक तापला होता. हे कळलं तेव्हा पोटात गोळा आला, कारण ब्रेक फार तापला की त्यातलं ऑईल उकळू शकतं आणि ऐन उतारावर पेडल मऊ पडतं. पुढं कराडपर्यंत मी फार सावकाश गेले, वाटेत थांबून थांबून चाक पाहत, आणि तपासणी होईपर्यंत घाट उतरायचा नाही असं ठरवलं.

घुमणारा आवाज घाटात तपासता येत नाही, कारण तिथं वेगच नसतो. तो पन्नाशीच्या पुढं उमटायचा. बाबांना शेजारी बसवून दुसऱ्या दिवशी पहाटे मोकळ्या रस्त्यावर निघालो. आधी साठच्या वेगात गिअर न्यूट्रल केला. इंजिनाचा आवाज खाली बसला, घूं-घूं तशीच राहिली. म्हणजे इंजिन नव्हे. हलका ब्रेक लावून पाहिला, आवाजात फरक नाही. म्हणजे ब्रेकही नव्हे. टायरचा प्रश्न माझ्या वहीनं आधीच सोडवला होता. मुंबई-गोवा महामार्गाच्या नव्या काँक्रीटवर आणि आमच्याकडच्या जुन्या डांबरी रस्त्यावर आवाज अगदी एकच होता. टायर घुमत असेल तर रस्त्याचा पृष्ठभाग बदलला की त्याचा सूर बदलतो. तरीही शंका नको म्हणून पुढचे टायर मागं टाकून पाहिले होते. आवाज मागं गेला नाही.

उरलं बेअरिंग. पण कोणत्या बाजूचं? मला तो आवाज स्पष्टपणे उजवीकडून, माझ्याच पायाखालून ऐकू यायचा. बाबांनी काच खाली करायला लावली आणि एका लांब भिंतीच्या कडेनं गाडी न्यायला सांगितली. भिंतीवरून आवाज परत येतो आणि बाहेरचं नीट ऐकू येतं. मग पाटणच्या बाजूला कोयनेच्या काठानं जी लांब वळणं आहेत, तिकडं गेलो. रस्ता उजवीकडं वळला की आवाज फुगायचा. डावीकडं वळला की जवळजवळ नाहीसा व्हायचा. दोन-तीन वळणांनी बाबांची मान हलायला लागली. गाडी उजवीकडं वळते तेव्हा वजन डाव्या चाकांवर पडतं. वजन पडलं की खराब बेअरिंग बोलतं.

"कान उजवीकडं सांगतायत," ते म्हणाले, "पण वजन डावीकडं सांगतंय. वजनावर विश्वास ठेव."

परतताना एका मोकळ्या मैदानात स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी गोल फिरवली, एकदा या बाजूला, एकदा त्या. टक-टक-टक असा आवाज आला असता तर एक्सलचा जॉइंट गेला असं समजायचं. तो आला नाही.

आता वहीत दोन्ही आवाज एकाच चाकाकडं बोट दाखवत होते. कराडमधल्या बाबांच्या ओळखीच्या एका मिस्त्रींकडं गाडी नेली. मी वही वाचून दाखवली. त्यांनी ती मध्ये न बोलता ऐकली, याचं मला फार बरं वाटलं. मग गाडी जॅकवर घेतली, खाली स्टँड लावले. चाकाला वर-खाली धरून हलवलं, मग दोन्ही बाजूंनी धरून हलवलं. टाय रॉड, बॉल जॉइंट घट्ट होते. बेअरिंगमध्येही हाताला लागेल असा प्ले, म्हणजे ढिलेपणा, नव्हता. बेअरिंग वाजायला लागतं ते बहुधा प्ले येण्याच्या कितीतरी आधी.

"ताई, इथं हात ठेवा," मिस्त्री म्हणाले. सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर माझा तळहात ठेवायला लावून त्यांनी उजवं चाक हातानं जोरात फिरवलं. स्प्रिंग निश्चल. मग डावीकडं आणलं. चाक फिरलं तशी स्प्रिंगमधून बारीक वाळू सरकावी तशी खरखर थेट तळहातात उतरली. कानाला काहीच येत नव्हतं, हाताला सगळं कळत होतं. इतके दिवस जे रस्त्यावर शोधत होते, ते तिथं माझ्या हाताखाली होतं.

चाक उतरवलं. कॅलिपर दोन पिनांवर पुढं-मागं सरकतो. आतल्या बाजूचा पिस्टन आतला पॅड दाबतो आणि त्या रेट्यानं कॅलिपर सरकून बाहेरचा पॅड ओढून घेतो. खालची पिन हातानं हलली. वरची हलेना. पान्यानं फिरवत फिरवत ती बाहेर आली, तेव्हा तिच्यावर आटलेलं काळपट ग्रीस आणि त्यात मिसळलेला पिवळसर-तांबूस गाळ होता. पिनेवरच्या रबरी बूटला काठाशी चीर होती. तो गाळ बघून आम्ही तिघंही क्षणभर गप्प झालो. पुरातला गाळ मी ओळखते. त्या जुलैनंतर चिपळुणात कोणीही ओळखेल.

पॅड बाहेर काढून शेजारी शेजारी ठेवले. दोन्ही एकाच दिवशी बसवलेले. बाहेरचा जवळजवळ नवा होता आणि आतला निम्म्यावर आलेला, तोही एका टोकाला जास्त झिजलेला. पॅडचं अस्तर नवं असताना साधारण १० मिमी असतं, ३ मिमीच्या आसपास आलं की बदलायचं. पण नुसता आकडा पुरेसा नाही. दोन पॅडमधला फरक जास्त बोलका असतो, आणि सर्व्हिस सेंटरनं काढलेले जुने पॅड मला कुणी दाखवलेच नव्हते. डिस्कची जाडी मिस्त्रींनी व्हर्निअरनं मोजली. किमान किती हवी ते डिस्कवरच कोरलेलं असतं. आमची त्याच्या बरीच वर होती. म्हणजे अंदाजपत्रकातली डिस्क नको होती, टायर नको होते, आणि कॅलिपरसुद्धा नको होता.

पिनांची घरं साफ केली, बूट नवे घातले, दोन्ही पॅड नवे, उजवीकडचेही. पिनांना सिलिकॉन ग्रीस लावलं. गॅरेजमधलं नेहमीचं ग्रीस इथं लावायचं नसतं, त्यानं रबर फुगतं आणि पिन पुन्हा अडकते. काम चालू असताना कॅलिपर नळीवर लोंबकळत न ठेवता तारेनं स्प्रिंगला बांधून ठेवला होता. माणूस किती जपून काम करतो ते अशा गोष्टींतून कळतं.

बेअरिंगसाठी, ते ज्यात बसतं तो नकल काढून प्रेसवर नेला. जुनं बेअरिंग फोडून दाखवा म्हटलं, तर त्यांनी आनंदानं दाखवलं. ग्रीस पाण्यानं फिकट पडलेलं, आणि गोळ्या जिथं धावतात त्या पोलादी वाटेवर तपकिरी गंजाचे डाग नि बारीक खड्डे. सीलच्या कडेनं पाणी आत शिरलं होतं. त्यात अडकलेल्या ब्रेकच्या उष्णतेनंही भर घातली असणार, असं मिस्त्रींचं मत पडलं. नवं बेअरिंग बसवताना त्यांनी प्रेसचा दाब फक्त बाहेरच्या कड्यावर घेतला. आतल्या कड्यावर दाब आला तर नव्या बेअरिंगच्या गोळ्याच वाटेवर खड्डे पाडतात आणि ते पहिल्या दिवसापासून वाजतं. एक्सलचा नट शेवटी टॉर्क पान्यानं आवळला.

त्या संध्याकाळी पाटणच्या रस्त्यावर काच खाली करून गेले. टायरचा साधा आवाज आणि वारा, बाकी काही नाही. दोन दिवसांनी घाट उतरले, खालच्या गिअरमध्ये, आणि शिरगावला थांबून दोन्ही चाकांजवळ हात नेला. धग सारखी होती.

चिपळूण, महाड, सांगली, कोल्हापूर, कुठंही ज्यांची गाडी चाकापर्यंत पाण्यात उभी राहिली असेल, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. इंजिन चालू झालं म्हणून तपासणी संपली असं धरू नका. पुढची दोन्ही चाकं उतरवून पिना बाहेर काढायला लावा, बूट पाहा, चाक हातानं फिरवून स्प्रिंगवर तळहात ठेवून बघा. मागच्या ड्रममध्येही गाळ साठतो, तेही उघडा. जे भाग बदलतील ते जुने भाग समोर मागून घ्या. आणि पुढचे सहा-आठ महिने कान उघडे ठेवा, कारण पाणी ओसरतं त्या दिवशी बेअरिंग वाजत नाही.