सारखा कल

नरडाण्याहून तापीच्या पुलाकडे निघालं की मुंबई-आग्रा रस्ता मोकळा होतो. दोन्ही अंगांना कपाशी, समोर दूरवर सातपुड्याची निळी रेघ. जुन्या जीपचं खरं दुखणं इथेच कळतं. गावात, बाजारात, शेताच्या चाकोरीत ती गप्प असते. वेग साठच्या घरात गेला की बसल्या जागेखालून एक बारीक थरथर उठते आणि पाठीच्या मणक्यात शिरते. आमच्या सीजे-थ्री-बीला मागे नवे, जास्त कमानीचे पाटे घातले, तेव्हा ती अशीच उठली. टायर पाहिले, चाकं बॅलन्स केली, शॉकअप हलवून पाहिले. थरथर जागची हलली नाही.

महिंद्रानं १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलिज जीप जोडायला घेतली. त्याच घराण्यातली ही गाडी. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर जेमतेम २०३ सेंटिमीटर. त्यात इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्स्फर केस बसवल्यावर मागच्या प्रोपेलर शाफ्टला उरतो तो आखूड तुकडा. अ‍ॅम्बॅसिडरचा लांब शाफ्ट पाट्यांमुळे वाढलेली थोडी उंची सहज पचवतो. इथे शाफ्ट ७५ सेंटिमीटरचा धरला आणि गाडी १० सेंटिमीटर उचलली, तर शाफ्टचा कल साडेसात अंशांनी वाढतो.

शाफ्टच्या दोन्ही टोकांना यूजे क्रॉस असतात. हा सांधा वाकूनही फिरतो, ही त्याची थोरवी. पण वाकला की समान गतीनं फिरवत नाही, ही त्याची खोड. एका फेऱ्यात तो दोनदा पुढे पळतो, दोनदा मागे रेंगाळतो. कल दहा अंशांचा असेल तर गती दीड टक्का वर आणि दीड टक्का खाली होत राहते. कागदावर हा आकडा क्षुल्लक वाटतो. मिनिटाला हजारो फेऱ्या घेणाऱ्या लोखंडाला तो क्षुल्लक नाही.

यावरचा उपाय मला आजही अचंब्यात टाकतो. दुसऱ्या टोकाचा सांधाही तितकाच वाकवायचा आणि शाफ्टच्या दोन्ही टोकांचे काटे एका रेषेत ठेवायचे. मग पुढचा जितका पळतो, तितकंच मागचा त्याला आवरतो, आणि क्राऊन-पिनियनपर्यंत फिरण्याची एकसंध गती पोचते. म्हणजे ट्रान्स्फर केसचा दांडा आणि पिनियन एकमेकांना समांतर हवेत. शाफ्ट सरळ रेषेत आणण्याचा अट्टहास बरेच जण करतात, तो चुकीचा आहे. अजिबात कल नसेल तर क्रॉसच्या बेअरिंगमधल्या सुया एकाच जागी बसून तिथेच खड्डे पाडतात. अर्धा-एक अंश तरी लागतोच.

नव्या पाट्यांची कमान वेगळी असते, शॅकलचा झोका बदलतो आणि त्याबरोबर पिनियनसकट मागच्या अ‍ॅक्सलचं सगळं हौसिंग किंचित वळतं. आमचं तसंच झालं होतं. हायवेकडच्या एका मिस्तरींनी गाडी सपाट फरशीवर, स्वतःच्या चाकांवर उभी केली. जॅकवर लटकलेल्या गाडीचं माप ते घेतच नाहीत. कोनमापक आधी पुढच्या जोडाला टेकवला, मग पिनियनच्या तोंडाला. दोहोंत चांगलाच फरक निघाला. हौसिंग आणि पाट्यांच्या मध्ये लोखंडी पाचर घालताना ते म्हणाले, “भाऊ, पिनियननं तोंड जराखं खाले ठेवनं पडस.” कारण अ‍ॅक्सिलरेटर दाबला की पाटे पिळवटतात आणि पिनियन वर उचलला जातो. उभ्या गाडीत तो एखाद-दोन अंश खाली असेल, तरच चालत्या गाडीत जुळतो. उभ्या गाडीचं माप चालत्या गाडीसाठी घ्यायचं, हे त्यांच्या हाताला पक्कं ठाऊक होतं. शाळेत मला कोणी इतक्या नेटकेपणानं भूमिती शिकवली नाही.

पाचर जाड झाल्यामुळे सेंटर बोल्ट लांब घ्यावा लागला, यू-बोल्टही नवे. शॅकलच्या बुशांचे नट गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच आवळले. अधांतरी आवळले असते तर रबर पिळलेलंच राहून लवकर फाटलं असतं.

जुनी जीप उंच करणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे: जुने पाटे उतरवण्याआधी पिनियनचा कल मोजून लिहून ठेवा. नवे चढवल्यावर पुन्हा मोजा. आणि काहीशे किलोमीटर गाडी चालली की यू-बोल्ट न विसरता पुन्हा आवळून घ्या.