काचेतला ताण

काचेला आपण निर्मळ म्हणतो ते तिच्यातून आरपार दिसते म्हणून. आरपार दिसणारी वस्तू आतून स्वस्थ असेलच, असे मात्र नव्हे. आम्हां दोघा मराठीच्या प्राध्यापकांना हे उमगले ते चाळिशी उलटल्यावर, भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत.

तेथील सहकाऱ्यांनी दिव्यापुढे दोन ध्रुवक एकमेकांशी काटकोनात धरले. पहिल्यातून एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश बाहेर पडतो, दुसरा तो अडवतो, पलीकडे अंधार. मधोमध एक भिंग ठेवले, अंधार कायम राहिला. मग धातूच्या कड्यात तीन स्क्रूंनी आवळलेले दुसरे भिंग ठेवले आणि काठाशी तीन ठिकाणी उजेड उमटला. ताणलेल्या काचेत प्रकाशाचे दोन घटक वेगवेगळ्या वेगाने जातात. त्यांच्यात पडणारे अंतर ताणाच्या आणि जाडीच्या प्रमाणात वाढते. दर सेंटिमीटर जाडीमागे ते किती नॅनोमीटर, यावरून काच पारखली जाते. काचेचा हा गुण डेव्हिड ब्रूस्टर यांनी १८१५-१६ च्या सुमारास दाखवून दिला.

सरांनी स्क्रू सैल केले. उजेड विझला. "हा बाहेरचा ताण," ते म्हणाले. "पण भट्टीतली काच घाईने निवली, तर ताण आतच गोठतो. मग ती पुन्हा तापवून सावकाश निववावी लागते." पालोमारच्या २०० इंची दुर्बिणीच्या आरशासाठी १९३४ मध्ये ओतलेली काच निववायला सुमारे दहा महिने दिले होते.

परतताना आम्ही दोघेही गप्प होतो. दोघांच्याही मनात एकच विद्यार्थिनी होती. तिची प्रबंधिका आम्ही तीनदा परत केली. दरवेळी ती हसून "हो सर" म्हणाली, आणि चौथ्यांदा आलीच नाही. तिचे हसू आम्ही पारदर्शक मानले होते. मुदत, चौकट आणि परिभाषा, हे तीन स्क्रू आमच्याच हातात होते. ते सैल केले असते तर ती थांबली असती का? की तिचा ताण आमच्याही आधीचा होता, आणि त्याला हवी असलेली सवड आम्ही दिली नाही? काचेबाबत हे तपासता येते. माणसाबाबत निदान विचारता तरी येते. तेवढेही आम्ही केले नाही.

गेल्या आठवड्यात आम्ही तिला पत्र लिहिले. त्यात प्रबंधिकेचा उल्लेख नाही. उत्तर अजून आलेले नाही; घाई करण्याचा अधिकार आम्हांला उरलेला नाही.