खांडबाऱ्याचा बाजार आणि तागडीचा धर्म

सुरतेहून भुसावळकडे जाणारी गाडी उकाई-सोनगड मागे टाकून नवापूरला पोहोचते. या स्थानकाचा निम्मा फलाट गुजरातेत आणि निम्मा महाराष्ट्रात आहे. तेथून नंदुरबारच्या वाटेवर खांडबारा लागते. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर तापी खोऱ्यात हा लोहमार्ग झाला आणि पाड्यापाड्यांतले धान्य सुरतेच्या पेठेपर्यंत जाऊ लागले. पुढे १९९८ साली धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार जिल्हा झाला, तेव्हा नवापूर तालुक्यासह खांडबाराही नव्या जिल्ह्यात आले.

परिसरातील बहुतेक शेती आदिवासी कुटुंबांची आणि पावसावर अवलंबून असलेली. सखल वावरात भात, उंचवट्यावर तूर, असा मेळ पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. पीक घरात आले की आधी बियाण्याचा वाटा बाजूला निघतो, मग वर्षभराच्या खाण्याचा. उरेल ते टोपलीत भरून बाजाराच्या दिवशी डोक्यावरून गावात येते. पोते भरण्याइतका माल एका घरी क्वचितच असतो. अशा शेकडो टोपल्या शेजारी शेजारी मांडल्या गेल्या की आठवडे बाजार भरतो. एका कुटुंबाचे वावर येथे साऱ्या पंचक्रोशीचे होते.

या टोपल्यांतील मानाचे धान्य म्हणजे तूर. ती भिजवायची, उन्हात वाळवायची, जात्यावर भरडायची आणि सुपाने पाखडून टरफले वेगळी करायची, हे काम घरच्या बायकांचे. नवापूरच्या तूरडाळीची चव आणि सुगंध पंचक्रोशीबाहेरही माहीत होता. २०१६ साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले. हे मानांकन कोण्या एका शेतकऱ्याच्या मालकीचे नसते. त्या प्रदेशात, त्या रीतीने पिकवणाऱ्या सर्वांचा त्यावर हक्क असतो. पिढ्यांची घरगुती मेहनत अशा रीतीने समाजाची ठेव ठरली.

मात्र पश्चिम खानदेशच्या बाजारांचा इतिहास केवळ गोड नाही. पेरणीच्या दिवसांत घरातले धान्य संपले की आदिवासी शेतकरी सावकाराच्या दारी जाई आणि सुगीला ते सवाई-दिढीने फेडी. घेताना माप एक आणि परत करताना दुसरे, असाही अनुभव अनेकांच्या वाट्याला आला. कर्जापायी जमिनी गेल्या आणि मालक आपल्याच वावरात मजूर झाले. याविरुद्ध शहादा भागात अंबरसिंग महाराजांसारखे भिल्ल नेते उभे राहिले आणि १९७२ साली श्रमिक संघटना स्थापन झाली. आदिवासींच्या जमिनी त्यांना परत मिळवून देणारा राज्याचा कायदा १९७४ सालचा. बाजार समित्यांचा कायदा १९६३ पासून होता. २०१६ मध्ये फळे व भाजीपाला त्याच्या नियमनातून मुक्त झाला आणि शेतकऱ्याने थेट ग्राहकाला विकावे यासाठी संत सावता माळी यांच्या नावाने शहरांत शेतकरी आठवडे बाजार भरू लागले. शहराला ही कल्पना नवी वाटली. खांडबाऱ्यासारख्या गावाला मात्र ती रीत जुनीच होती.

व्यापारानिमित्त खानदेशात स्थिरावलेल्या जैन कुटुंबांना या इतिहासाकडे त्रयस्थपणे पाहता येणार नाही. भगवान ऋषभदेवांनी असि, मसि, कृषि, विद्या, वाणिज्य आणि शिल्प ही सहा कर्मे शिकवली, असे परंपरा सांगते. त्यांत कृषी आणि वाणिज्य शेजारी नांदतात. उपासकदशांग सूत्रातील आनंद श्रावकाने व्रते घेताना आपल्या जमिनीला पाचशे नांगरांची मर्यादा घातली. शेती आणि व्यापार दोन्ही करणाऱ्या त्या गृहस्थाने संपत्ती सोडून दिली नाही, तिला सीमा घातली. तिसऱ्या अणुव्रताच्या पाच अतिचारांत चोरीचा माल घेण्याबरोबरच खोटे तोल-माप आणि भेसळ यांचीही गणना आहे. तोळाभर कमी देणेही चोरीच, असा त्याचा सरळ अर्थ.

पर्युषणात श्रावक प्रतिक्रमणाला बसतो, तेव्हा या अतिचारांची आलोचना करतो. त्याच दिवसांत खांडबाऱ्याकडे पाऊस असतो, वावरात भात उभा असतो आणि तूर वाढत असते. चातुर्मासात ज्यांनी पालेभाज्या वर्ज्य केल्या असतील, त्यांच्या पिशवीत बाजारातील रानभाजी पडणार नाही. गेल्या सुगीची डाळ मात्र पडेल. समोर बसलेली बाई ती मापून देईल आणि वर मूठभर अधिक घालील. तिच्या घरी वर्षभराची तूर मोजूनमापून ठेवलेली असते, तरीही ती मूठ सुटते. घासाघीस करून तिच्याकडून दोन रुपये कमी करून घेणाऱ्याने त्या मुठीकडे एकदा पाहावे. मिच्छामि दुक्कडं म्हणण्याची जागा उपाश्रयात आहे, तशी ती या टोपलीसमोरही आहे.