शेवटच्या कडव्यातलं नाव

गाणं मला तिसऱ्या पाळीत सुचलं. सूतगिरणीत रिंग फ्रेमच्या आवाजात शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, पण ओळ सुचायची ती सुचतेच. बिडीच्या पुड्याच्या कागदावर लिहून घेतली. सकाळी घरी येऊन न झोपता पाच कडवी पुरी केली. पाचव्यात माझं नाव घातलं. आपल्यात तशी रीतच आहे.

चौदा एप्रिलला आमच्या वस्तीतल्या गायकानं ते म्हटलं. चाल आम्ही दोघांनी मिळून बसवली होती. लोकांनी तीनदा म्हणायला लावलं. पुढच्या महिन्यात एका कंपनीचा माणूस आला, गायकाला घेऊन गेला, रेकॉर्डिंग केलं, हातावर थोडे पैसे ठेवले, एका छापील कागदावर त्याची सही घेतली. मला कुणी विचारलं नाही. मी पण म्हटलं, जाऊ दे, बाबांचं गाणं आहे, लोकांत जातंय ना, बास झालं.

गाणं बाहेर आलं. गीतकार : पारंपरिक. पाचवं कडवं गायब.

त्याचं पण मी काही म्हटलं नाही. पण यंदा मीच ते गाणं म्हटलं, पोरांनी मोबाईलवर घेतलं, नेटवर चढवलं. दोन दिवसांत निरोप आला : या गाण्याचे हक्क दुसऱ्याचे आहेत, व्हिडिओ काढून टाकला आहे. दोस्तांनो, माझ्याच तोंडातून माझंच गाणं चोरल्याचा आळ माझ्यावर!

सुट्टी टाकून कंपनीच्या ऑफिसात गेलो. तिथला माणूस हसला. म्हणाला, "बाबासाहेबांच्या नावाचे पैसे मागतोस? लाज नाही वाटत?"

मला खरंच लाज वाटली. गप परत आलो. एसटीत खिडकीशी बसून तेच डोक्यात. आई म्हणाली, "पैशाचं ऱ्हाऊ दे. पर त्यो का विकतोय मग बाबांचं नाव?"

आईनं एका वाक्यात सांगितलं ते मला आठवडाभर कळत नव्हतं. फुकट राबायचं आणि वर उपकार मानायचे, हे आपल्याला नवं नाही. वतन म्हणजे तेच होतं. रात्री-अपरात्री हाक आली की पळायचं, मोबदला म्हणजे देणाऱ्याची मर्जी. त्या वतनाचा कायदा बदलायला बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात बिल आणलं. कामाला ठरलेला मोबदला मागण्यात लाज नाही, हे आम्ही त्यांच्याकडूनच शिकायचं. मग गाण्याच्या वेळेलाच वेठ का?

एका वकील कार्यकर्त्याबरोबर बसून १९५७ चा कॉपीराइट कायदा वाचला. इंग्रजी कळायला चार रविवार गेले. जे कळलं ते इथं सांगतो, कारण तुमच्यातही लिहिणारे आहेत.

शब्दांचा हक्क वेगळा, चालीचा वेगळा, रेकॉर्डिंगचा वेगळा. रेकॉर्डिंग केलं म्हणून शब्द कंपनीचे होत नाहीत. लिहिलं की हक्क आपला, नोंदणीची अट नाही. तो दुसऱ्याला द्यायचा तर लेखी पाहिजे, सही आपली किंवा आपण नेमलेल्या माणसाची पाहिजे. गायकाच्या सहीनं माझे शब्द जात नाहीत. कागदावर मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात. २०१२ च्या दुरुस्तीनं रॉयल्टीतला गीतकाराचा निम्मा वाटा त्याला कंपनीच्या नावे लिहून देताच येत नाही, दिला तरी तो करार चालत नाही. आणि कलम ५७ : हक्क विकला तरी 'हे मी लिहिलं' म्हणायचा अधिकार लिहिणाऱ्याचाच राहतो.

वामनदादा कर्डक २००४ साली गेले. त्यांच्या गाण्यांच्या शेवटी 'वामन' येतो. कागद नव्हता, करार नव्हता, पण गावोगावच्या माणसांनी गाणं म्हटलं की नाव आपोआप पोचायचं. कायदा लिहिणाऱ्याच्या मरणानंतर साठ वर्षं हक्क मानतो, म्हणजे दादांच्या शब्दांवर तो २०६४ अखेरपर्यंत आहे. तरी कुणी 'पारंपरिक' म्हणून छापलं की आपण ऐकतो आणि गप बसतो. परंपरेला पोट नसतं. लिहिणाऱ्याला असतं, त्याच्या पोराबाळांना असतं.

वस्तीत, मोर्च्यात, जयंतीला माझं गाणं कुणीही म्हणा. एक पैसा नको. ते तुमचंच आहे. विकणाऱ्याला मात्र मी हिशेब मागणार. दोन्हीत फरक आहे, तो नीट समजून घ्या.

कंपनीला नोटीस गेली आहे. उत्तर आलेलं नाही. गायक चार दिवस माझ्याकडे बघत नव्हता. मग एका रात्री पाळीवर जाताना गेटपाशी येऊन उभा राहिला. "मला काय ठावं होतं रं, वाचता कुठं आलं," म्हणाला. मी त्याला म्हटलं, पुढच्या वेळी सही करायच्या आधी कागद घेऊन ये, दोघं मिळून वाचू.

यंदाच्या धम्मचक्र प्रवर्तन दिनाला तो पाचही कडवी म्हणणार आहे.