झाकणाची वाटी

ताम्हण म्हणता येणार नाही, एवढं मला लगेच कळलं. ताम्हण तांब्याचं, त्यात देवाला आंघोळ घालायची, त्यातलं तीर्थ पळीने तळहातावर घ्यायचं. ही बशी वेगळी. वीतभर रुंद, बोटाच्या पेराएवढीही खोल नाही, आतून सोन्याचं पाणी दिलेली, आणि चर्चमध्ये मिस्साच्या वेळी तिच्यावर पातळ, गोल, बिनखमिराची भाकर ठेवतात. बशी म्हणावं तर चहा ओतला जातो. तबक म्हणावं तर विडा आणि हळदकुंकू आधीच येऊन बसलेले. थाळी म्हणावं तर थेट जेवणाची पंगत. प्रत्येक मराठी भांड्यात आधीचं काहीतरी आहेच, रिकामं भांडं आपल्याकडे नाही, असं एकदा मनात आलं आणि मग ते निघेचना.

आमच्या घरी सणाच्या आदल्या दिवशी देवाची भांडी चिंचेने घासायला निघत, तेव्हा आई नावं घेऊनच ती मोजून घ्यायची. निरांजन, पंचारती, समई, धुपाटणं, पळी, पंचपात्री, संपुष्ट, सहाण. पिंडीवर टांगायची ती गळती. 'ते हे दे' म्हणायची वेळ कधी कुणावर आली नाही. त्यामुळे ज्या वस्तूला नाव नाही तिची पूजा कशी करत असतील, असा एक बालिश प्रश्न माझ्या डोक्यात अजून आहे. बालिश आहे हे कळतं, तरी आहे.

चांदा धर्मप्रांतातल्या चर्चच्या भांड्यांची नावं मला पुस्तकात मराठीत लिहायची होती, म्हणून ही शोधाशोध. नाव नाही, हेही पूर्ण खरं नाही. नावं आहेत, फार आहेत. इथले बरेचसे फादर आणि सिस्टर मूळचे केरळचे. १९६२ साली रोमने सिरो-मलबार चर्चला केरळबाहेर मिशनचं पहिलं क्षेत्र दिलं ते चांद्याचं, आणि ते सी.एम.आय. या कार्मेलाईट संघाने सांभाळलं; १९७७ मध्ये त्याचा धर्मप्रांत झाला. शहराचं चंद्रपूर झालं, २६ ऑगस्ट १९८२ ला गडचिरोली वेगळी निघाली, बिशपांची गादी बल्लारपूरला आहे, धर्मप्रांत मात्र अजून चांदाच. त्याच १९६२ च्या जुलैत तिकडे केरळात त्यांची उपासना सिरियाकमधून मल्याळममध्ये आली. म्हणजे हे लोक जंगलात यायला लागले तेव्हा देवाशी स्वतःच्या भाषेत बोलणं त्यांनाही नवीनच होतं. प्याल्याला ते कासा म्हणतात, बशीला पिलासा, दोन्ही सिरियाक. इंग्रजी शाळेत जाणाऱ्या पोरांना चॅलिस आणि पेटन ठाऊक. आणि भांडी पुसून कपाटात लावणारी बाई, आरमोरीकडची, तिला मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "लहान वाटी, मोठी वाटी, झाकनाची वाटी. आनखी काय म्हनू जी?"

झाकणाची वाटी म्हणजे ज्यात पवित्र केलेली भाकर उरवून ठेवतात ते उभ्या दांड्याचं पात्र. वेदीमागच्या छोट्या कपाटात ते असतं, आणि ते आत आहे हे कळावं म्हणून बाहेर लाल दिवा. हल्ली झिरोचा बल्ब.

गंमत अशी की मोशेच्या तंबूतल्या आणि पुढे जेरुसलेमच्या मंदिरातल्या वस्तूंना मराठीत उत्तम नावं आहेत. निवासमंडप, कराराचा कोश, दीपवृक्ष, समक्षतेची भाकर, धुपाटणी. ते मंदिर रोमन सैन्याने इ.स. ७० मध्ये जाळलं. त्यातला चमचाही आज कुणी हातात धरू शकत नाही, पण मराठी बायबल उघडलं की सगळी मांडामांड जागच्या जागी. सेरामपूरहून १८११ मध्ये मराठी नवा करार छापला गेला, तेव्हापासून या भाषांतरांवर पिढ्या खपल्या. पण त्या प्रॉटेस्टंट पिढ्या. त्यांच्या प्रभुभोजनाला एक प्याला आणि एक ताटली पुरते. झाकणाचं पात्र, साखळ्यांवर झुलणारं धूपपात्र, भाकर सगळ्यांना दिसावी म्हणून मध्ये भिंग बसवलेली ती सोनेरी किरणांची चौकट, यांच्या नावाची त्यांना गरज नव्हती. त्यामुळे केव्हाच नाहीशा झालेल्या भांड्यांना नाव आहे आणि इथे कपाटात चकचकीत उभ्या असलेल्यांना नाही.

वसईकर यावर हसतील. मिस्सा, आल्तार, क्रूस हे शब्द त्यांच्या घरात इतके मुरले आहेत की ते पोर्तुगीजांबरोबर आले हे कुणी सांगितलं तरच आठवावं. गोव्यात फादर स्टीफन्सचं ओवीबद्ध ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये छापून झालं होतं. पण चांदा आणि वसई यांच्यामध्ये आख्खा महाराष्ट्र आडवा पडलाय. वसईचं मराठी इथवर यायच्या आत केरळ येऊन पोचलं. बल्लारशाहच्या फलाटावरून केरळ एक्सप्रेस जाते, आणि इथल्या खाणींत, कारखान्यांत, दवाखान्यांत मल्याळी माणूस नवखा नाही.

हे सगळं मी एका वयस्क फादरांपुढे मांडलं. ते तरुणपणी इकडे आले, मराठी इथेच शिकले, त्यातली अर्धी बाजारात. शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "कशाला त्रास करून घेता, सर? कुठेही जा, पळसाला पानं तीनच."

म्हण अचूक जागी वापरली होती, त्याबद्दल वादच नाही. पण तिने माझं समाधान व्हायच्या ऐवजी मीच तिच्या मागे लागलो. एक तर ही म्हण सांगणारा माणूस सगळीकडे फिरून आलेला असतो की कुठेच न गेलेला? दोघांच्या तोंडी ती सारखीच शोभते, आणि ऐकणाऱ्याला फरक कळायचा मार्ग नाही. दुसरं म्हणजे, ती बारा महिने खरी नाही. मूल-सिंदेवाहीच्या रस्त्याला फाल्गुनात जाऊन बघा. पळसाला तेव्हा फूल असतं. पान जवळजवळ नसतंच. इथल्या ख्रिस्ती लोकांचा पन्नास दिवसांचा उपवासकाळही साधारण त्याच सुमाराला येतो. आमचं बोलणं त्याच दिवसांतलं. म्हणजे फादरांनी मला ती म्हण सांगितली, तेव्हा बाहेर झाडांवर तिचा पुरावा नव्हता.

पुढे पानं आल्यावर मी एक डहाळी तोडून नीट पाहिली. मधलं पान मोठं, टोकाला रुंद, देठाकडे निमुळतं, शिरेच्या दोन्ही अंगांना सारखं. कडेची दोन तिरपी. शीर मधोमध नाही, एका अंगाला जास्त पान, एका अंगाला कमी. डावं उजवीकडे लावून पाहावं तर बसत नाही. म्हणजे सगळीकडे सारखीच असं जिच्याबद्दल आपण म्हणतो ती तिन्ही आपापसातही सारखी नाहीत. आणि वनस्पतिशास्त्राच्या मास्तरांना विचारावं तर ते म्हणतात, तीन पानं कुठली, एका संयुक्त पानाच्या तीन पर्णिका त्या. पळसाला पान एकच. हे फादरांना सांगितलं तर ते खूश झाले. म्हणाले, एकात तीन, हे तर आमचं त्रैक्य झालं. आणि आयर्लंडच्या संत पॅट्रिकने तिपानी रोपटं दाखवून हेच समजावलं, ती दंतकथा त्यांनी सांगितली. मला धर्मशास्त्रात शिरायचं नव्हतं. मला बशी हवी होती.

बशीही पळसातच होती म्हणा. वेदात पळसाला पर्ण म्हणतात. यज्ञात तुपाची आहुती सोडायची पळी, जुहू, ती पर्णाच्या लाकडाची. उपभृत पिंपळाची, स्रुव खैराचा. प्रत्येक पळीला आपलं झाड, आपलं नाव, आपलं काम. आज जुहू म्हटलं की चौपाटी आठवते. इतकी नेमकी नावं ठेवून काय राहिलं, असा विचार मनात आला तेव्हा माझ्या आईच्या मोजदादीचाही रंग थोडा उतरला. तिची पंचपात्री आता माझ्याकडे आहे. तिच्यात मी पेनं ठेवतो.

पण पळसाचं रोजचं काम यज्ञातलं नव्हेच. ते पत्रावळीचं. झाडीपट्टीत लग्न असो की तेरवी, पानाला पान बारीक काडीने टाचलेली पत्रावळ आणि वरणाला द्रोण. जेवण झालं की टाकून द्यायची. तिच्यावर मागच्याचं उष्टं नसतं, कुणाच्या देव्हाऱ्याचा वास नसतो. रिकामं भांडं आपल्याकडे नाही असं म्हणत होतो, ते हे होतं.

मग इथल्या वेदीवर भाकर पळसाच्या पानावर का नको? मी सिस्टरांना विचारलंही. त्या रागावल्या नाहीत, कपाटातून चौकोनी पांढरं कापड काढून माझ्यापुढे उलगडलं. प्याला आणि बशी यावर ठेवतात. घडी घालताना आधी तीन भाग, मग पुन्हा तीन, सगळं आत वळवून, नऊ चौकोन. का, तर भाकरीचा कण पडला असेल तर तो आतच राहावा. धुताना पहिलं पाणी मोरीत जाऊ द्यायचं नाही, मातीत ओतायचं. "पानाच्या शिरेत कण अडकला तर मी काय करू?" त्यांनी विचारलं. मला उत्तर नव्हतं. निर्माल्य पायाखाली येऊ नये म्हणून तुळशीत टाकणाऱ्या घरातला मी, मला तो प्रश्न चांगलाच कळला.

रोमचंही या बाबतीत एक मत नाही. १९६९ मध्ये भारतातल्या लॅटिन विधीच्या चर्चला बारा गोष्टींची मोकळीक मिळाली: जमिनीवर बसावं, नमस्कार करावा, आरती चालेल, मेणबत्तीऐवजी तेलाचा दिवा चालेल, आणि त्या नऊ चौकोनी कापडाऐवजी तबकसुद्धा चालेल. २००४ मध्ये त्याच लॅटिन विधीसाठी रोमने बजावलं की काचेची, मातीची, सहज मोडणारी भांडी नकोत. पत्रावळीचं नाव तिथे काढायची गरजच नव्हती. दिव्याचं मात्र मला मनापासून पटतं, निदान इथल्यापुरतं. मे महिन्यात पारा ४६-४७ ला टेकला की दुपारी बंद चर्चमध्ये मेणबत्ती न पेटवताच वाकते. संध्याकाळी ती हाताने सरळ करून पुन्हा खोचताना मी पाहिलं आहे.

पण तबक, आरती, तेलाचा दिवा हे सगळं कुणाच्या घरातून आणलं? दलित ख्रिस्ती विचारवंतांनी पुढे हेच विचारलं: याला भारतीय म्हणायचं की ब्राह्मणी? चंद्रपुरात हा प्रश्न पुस्तकात राहत नाही. १६ ऑक्टोबर १९५६ ला, नागपूरनंतर दोनच दिवसांनी, बाबासाहेबांनी इथे दीक्षा दिली. कितीतरी घरांतले देव त्या वेळी बाहेर निघाले. माझ्या आईच्या ताम्हणाला ज्यांच्या आजीला हातही लावू दिला नसता, त्यांच्यापुढे मी ताम्हण हा शब्द मोठ्या मनाने ठेवणार, आणि वर म्हणणार की हा आपला शब्द आहे? आणि भामरागडकडच्या माडिया पाड्यावर तर ताम्हण कधी पोचलंच नाही, तिथे तो शब्द सिरियाकइतकाच परका. मग पिलासाच काय वाईट? निदान त्याने इथे कुणाला दूर बसवलेलं नाही. हे पटतं. दुसऱ्या दिवशी पटत नाही. कारण दूर न बसवणारा शब्द जवळही कुणाला घेत नाही.

मध्ये एका रविवारी फादर वेदीवरून किंचित मागे वळून सेवेकरी पोराला हळूच म्हणाले, "झाकनाची वाटी आण." 'न'सकट. पोराने बरोबर ती आणली. मला वाटलं, झालं, सुटला प्रश्न. पण त्या बाईला हे सांगितलं तर तिला ते मुळीच आवडलं नाही. "ते माह्या समजाले आहे, गुरुजी. देवाच्या भांड्याले वाटी म्हनतेत का कोनी? पुस्तकात नका लिहू." मग काय लिहू विचारलं, तर म्हणाली, ते तुम्ही शिकलेले लोक सांगा.

आणि त्या किरणांच्या चौकटीला ती काहीच म्हणत नाही. तिला ती हात लावत नाही. ती सिस्टर काढतात, सिस्टर ठेवतात. सिस्टरांचं म्हणणं, आमच्याकडे अरुळिक्का म्हणतात, तेच लिहा, सवय होईल. वसईला मिस्साची झालीच की. होईलही. पण वसईला पोर्तुगीजांची दोनशे वर्षं होती. इथे रविवारचा तास आहे आणि भांडी पुसणारी एक बाई, जी पुढच्या वर्षी मुलीकडे नागपूरला राहायला जायचं म्हणते आहे.